कृत्रिम फुप्फुस आणि रांगेतील माणूस

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. २०२१ सालच्या जानेवारीपासून ऑगस्टअखेरपर्यंत आसपासच्या अनेक रुग्णालयांनी आपल्या अत्यवस्थ कोविड रुग्णांसाठी तेथे विचारणा केली. व्हेंटिलेटर लावूनही ज्यांच्या रक्तात पुरेसा प्राणवायू पोहोचत नव्हता असे हे रुग्ण होते. मागणी एकच होती : एक्मो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम फुप्फुसावर यांना घ्या. डॉक्टरांनी एकेकाची स्थिती तपासली आणि ९० जण या उपचारास पात्र आहेत असा निर्वाळा दिला. त्यांतील ३५ जणांना यंत्र मिळाले, ५५ जणांना मिळाले नाही. न मिळण्याचे कारण वैद्यकीय नव्हते. त्या दिवशी यंत्र, खाट किंवा ते चालविणारी माणसे शिल्लक नव्हती, इतकेच. यंत्र मिळालेल्या ३५ जणांपैकी १५ दगावले. न मिळालेल्या ५५ जणांपैकी ४९ दगावले. या नव्वदांचे मध्यम वय चाळीस वर्षे होते.

नव्वद ही संख्या लहान आहे आणि तेवढ्यावरून यंत्राच्या गुणावगुणांचा अंतिम निकाल कोणी लावू नये. पण या हकिगतीतील एक गोष्ट आम्हांस यंत्राहूनही महत्त्वाची वाटते. त्या रुग्णालयाने आपण कोणाला नकार दिला हे लिहून ठेवले, त्या माणसांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला आणि २०२२ साली तो हिशेब आपल्याच नावाने छापून प्रसिद्ध केला. त्याच आठ महिन्यांत आपल्या देशात किती पात्र रुग्णांना हे यंत्र नाकारले गेले? तो आकडा कोणत्याही शासकीय अहवालात असण्याचा संभवच नव्हता. कारण नकाराची नोंद ठेवण्याची सक्ती येथे कोणावरही नव्हती.

यंत्राविषयी बोलायचे तर ते नेमके काय करते हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याच्याभोवती चमत्काराचे वलय आहे, आणि ते वलय ज्यांच्या धंद्याला उपयोगी पडते ते ते पुसण्याच्या फंदात पडत नाहीत. फ्लूचा किंवा कोविडचा विषाणू फुप्फुसात खोलवर उतरला की तेथील सूक्ष्म वायुकोश सुजतात, द्रवाने भरतात, आणि हवा आत गेली तरी प्राणवायू रक्तात उतरत नाही. व्हेंटिलेटर अशा फुप्फुसात दाबाने हवा लोटतो. दाब वाढवावा लागला की तोच दाब उरल्यासुरल्या धड भागाला इजा करू लागतो. एक्मो फुप्फुसाला वळसा घालते. मांडीच्या मोठ्या नीलेत जाड नळी घालून शरीरातील काळसर रक्त बाहेर काढायचे, पंपाने ते पोकळ तंतूंच्या जुडग्यातून न्यायचे, तंतूंच्या एका अंगाने रक्त आणि दुसऱ्या अंगाने प्राणवायू वाहता ठेवायचा, कार्बन डायॉक्साइड काढून टाकायचा आणि लाल झालेले रक्त मानेतील नीलेवाटे परत हृदयाकडे धाडायचे. मिनिटाला चार-पाच लिटर रक्त असे फिरत राहते. हृदयही खचले असेल तर रक्त नीलेऐवजी रोहिणीत सोडतात. मग पंप हृदयाचेही काम उचलतो.

रक्त नळीत गोठू नये म्हणून ते पातळ ठेवणारे औषध सतत द्यावे लागते. ते थोडे जास्त झाले तर मेंदूत रक्तस्राव होतो, थोडे कमी पडले तर यंत्रात गुठळी धरते. जंतुसंसर्गाची टांगती तलवार आहेच. विषाणूवर या यंत्राचा काडीचाही परिणाम होत नाही. ते देते तो केवळ अवधी : आठवडा, तीन आठवडे, क्वचित काही महिने. त्या अवधीत फुप्फुस आपले आपण सावरले तर रोगी घरी जातो. न सावरले तर तो अवधी संपतो. या सर्व काळात खाटेपाशी रात्रंदिवस एक प्रशिक्षित परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर पंप जाणणारा तंत्रज्ञ उभा असावा लागतो.

या यंत्राचा इतिहास सरळ चढत गेलेला नाही. जॉन गिबन यांनी १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हा ते यंत्र काही मिनिटांपुरते, फार तर तासांपुरते होते. ते दिवसचे दिवस चालविता येईल हे १९७१ साली कॅलिफोर्नियात दिसले : अपघातात फुप्फुसे निकामी झालेला २४ वर्षांचा तरुण ७५ तास त्यावर राहून वाचला. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी त्याच प्रांतात एका नवजात बालिकेला त्यावर जगविले. तिची आई मेक्सिकोतून आलेली गरीब स्थलांतरित स्त्री होती. मग १९७९ साली थंड पाणी पडले. अमेरिकेतील नऊ केंद्रांत ९० प्रौढ रुग्णांवर केलेल्या तौलनिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : यंत्रावर ठेवलेल्या ४२ पैकी ४ वाचले, न ठेवलेल्या ४८ पैकीही ४ च वाचले. नवजात बालकांच्या विभागात यंत्र टिकून राहिले. प्रौढांसाठी ते जवळजवळ तीस वर्षे काही मोजक्या केंद्रांच्या हट्टावर जगले.

ते पुन्हा पुढे आले ते २००९ च्या स्वाइन फ्लूमुळे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये या साथीचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. ती शाळकरी मुलगी होती. पुणेकरांना ते दिवस, नायडू रुग्णालयापुढच्या रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल आठवत असतील. त्याच हिवाळ्यात (त्यांचा हिवाळा जून ते ऑगस्ट) ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत फ्लूने फुप्फुसे निकामी झालेले ६८ जण एक्मोवर ठेवण्यात आले. त्यांचे मध्यम वय ३४ होते. अहवाल लिहिला गेला तोपर्यंत १४ दगावले होते, काही अद्याप रुग्णालयात होते, आणि बहुतेक वाचले होते. ब्रिटनमध्ये याच साथीत यंत्र असलेल्या केंद्रांकडे पाठविलेल्या रुग्णांची तुलना, तसेच आजारी पण तिकडे न पाठविलेल्या रुग्णांशी करण्यात आली. पाठविलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २४ टक्के आढळले, न पाठविलेल्यांत ५२ टक्क्यांहून अधिक.

आता एक बारकावा, ज्यावर आमचा पुढचा सर्व युक्तिवाद उभा आहे. ब्रिटनमध्ये २००१ ते २००६ या काळात १८० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निम्मे रुग्ण जेथे होते तेथेच उपचार घेत राहिले. निम्मे लेस्टर शहरातील ग्लेनफील्ड रुग्णालयात हलविण्याचे ठरले. सहा महिन्यांनी अपंगत्वाशिवाय जिवंत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४७ टक्के, तर दुसऱ्या गटात ६३ टक्के निघाले. मात्र दुसऱ्या गटातील ९० पैकी २२ जणांना यंत्र लावलेच गेले नव्हते! काही वाटेतच किंवा निघण्यापूर्वीच गेले, पण त्या बावीसांतील बहुतेक जण केवळ त्या केंद्रातील सरावलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली व्हेंटिलेटरवरच सुधारले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रेंच डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या २४९ रुग्णांच्या चाचणीत साठ दिवसांतील मृत्यू ४६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलेले दिसले, पण संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला हा फरक पुरता उतरला नाही. आणि कोविडच्या काळातील जागतिक नोंदवही तर अधिकच बोलकी आहे. साथीच्या आरंभापासून हे काम करणाऱ्या केंद्रांत १ मे २०२० पूर्वी यंत्रावर घेतलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के दगावले. त्याच केंद्रांत पुढच्या काळात हे प्रमाण ५२ टक्क्यांवर गेले. आणि साथीत मागाहून यात उतरलेल्या केंद्रांत ते ५९ टक्के होते.

याचा अर्थ उघड आहे. विकत आणता येते ती पेटी. जीव वाचवितो तो तिच्याभोवतीचा सरावलेला संघ. तो बाजारात मिळत नाही, वर्षानुवर्षे पगार देऊन, शिकवून, एका जागी टिकवून घडवावा लागतो. हे ध्यानी घेतले तर या प्रश्नावर आपल्याकडे जी दोन टोकाची मते ऐकू येतात त्या दोन्हींतील फोलपणा कळतो.

पण त्याआधी २०२१ चा आपला उन्हाळा आठवू या. २१ एप्रिल रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळीतील दाब उतरला आणि २२ रुग्ण गुदमरून मेले. मे महिन्यात गोव्याच्या बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या प्रहरी प्राणवायू अपुरा पडून माणसे दगावत असल्याची गाऱ्हाणी उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मांडावी लागली. ज्या रोगात नाशकातील माणूस नळीतील दाब उतरल्यामुळे मेला, त्याच रोगात त्याच देशात दुसऱ्या कोणाचे रक्त शरीराबाहेर काढून, प्राणवायूने धुऊन परत शरीरात घातले जात होते. चेन्नईत थोर गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम २०२० च्या ऑगस्टपासून महिनाभराहून अधिक काळ या यंत्रावर होते; २५ सप्टेंबरला ते गेले. त्यांना ते मिळाले याबद्दल कोणाच्याही मनात किल्मिष असण्याचे कारण नाही. प्रश्न मिळालेल्यांचा नाही.

हे यंत्र आपल्याकडे प्रामुख्याने मोठ्या शहरांतील मोठ्या खासगी रुग्णालयांत आहे. सुरुवातीलाच काही लाख रुपये, आणि पुढे प्रत्येक दिवसाचा हिशेब निराळा. तीन आठवडे यंत्र चालले तर शेतकऱ्याची जमीन, नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी आणि बायकोचे दागिने एकाच बिलात जातात. समाजमाध्यमांवर त्या दिवसांत अनोळखी माणसांपुढे पसरलेल्या झोळ्या आपण सर्वांनी पाहिल्या; ज्याचे नातेवाईक मोबाइल चालविण्यात चलाख, त्याची झोळी लवकर भरे. राज्य शासनाने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या दराखाली आणल्या हे स्तुत्यच होते. दिवसाला ४ हजार, साडेसात हजार आणि ९ हजार अशा तीन पायऱ्या ठरल्या. सर्वांत वरची पायरी व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाची. त्यापलीकडच्या यंत्रासाठी त्या शिडीवर पायरीच नव्हती.

टेनेसीत निदान रांग होती, आणि रांगेत उभ्या असलेल्याची आधी वैद्यकीय तपासणी होत होती. आपल्याकडे रांगेच्या तोंडाशीच डिपॉझिटचा काउंटर होता. तेथून जो परतला त्याची पात्रता कोणत्याही डॉक्टरने तपासली नाही, म्हणून तो कोणाच्याही हिशेबात ‘नाकारलेला’ ठरला नाही. आणि जो आत गेला त्याच्या बाबतीतही यंत्र केव्हा थांबवायचे हा निर्णय अनेकदा फुप्फुसांपेक्षा बँकेतील शिलकीने घेतला. पैसे संपले म्हणून ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशा कागदावर सही करणारे नातेवाईक आपल्या प्रत्येक शहरात आहेत. त्या सहीला संमती म्हणायचे काय?

आता ती दोन मते. आमच्याच काही साथींचे म्हणणे असे की, ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही आणि जिल्हा रुग्णालयात प्राणवायू पुरत नाही, त्या देशाने असल्या महागड्या यंत्रांचे नावही काढू नये. ते श्रीमंतांचे खेळणे आहे, श्रीमंतांना खेळू द्यावे. या म्हणण्यातील तळमळ आम्ही जाणतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. श्रीमंतांचे खेळणे म्हणून सोडून दिलेली गोष्ट श्रीमंतांचीच राहते, आणि ज्या वैद्यकीय महाविद्यालयांवर सर्वांचा हक्क आहे ती त्या विद्येला कायमची पारखी होतात.

व्हेंटिलेटरचा जन्म कसा झाला ते या साथींनी आठवावे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओही विषाणूचाच रोग; तो श्वासाचे स्नायू लुळे पाडी. ब्लेगडाम रुग्णालयात ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणून ओळखली जाणारी टाकी होती फक्त एक, आणि छातीवर बसविण्याची सहा लहान उपकरणे. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास थांबलेल्या ३१ पैकी २७ रुग्ण दगावले. तेव्हा बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यावा असे सुचविले. पण एकाच वेळी साठसत्तर रुग्ण, आणि प्रत्येकाला चोवीस तास पिशवी दाबणारा हात हवा. ते हात कोठून आणायचे? शहरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून १ लाख ६५ हजार तास पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून उतरत अखेर २५ टक्क्यांच्या आसपास आले. आजचा अतिदक्षता विभाग या खोल्यांतून जन्मला. तेथे नव्हते ते यंत्र. होते ते सार्वजनिक रुग्णालय, आणि कोणाच्या मुलासाठी पिशवी दाबायची हे त्याच्या बापाच्या ऐपतीवर न ठरविणारी व्यवस्था.

कृत्रिम मूत्रपिंडाचीही हकिगत अशीच. १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील सिॲटल शहरात डायलिसिसच्या जागा इतक्या थोड्या होत्या की, कोणाला जगवावे हे ठरविण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमण्यात आली. रुग्णाची मिळकत, शिक्षण, चर्चमधील वावर यांचाही ती विचार करी! त्या प्रकाराचा लोकांना इतका उबग आला की, १९७२ साली कायदा करून तो खर्च सार्वजनिक निधीवर घ्यावा लागला. आपल्याकडे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याच्या उणिवा पुष्कळ आहेत, पण डायलिसिस हे श्रीमंतांचे खेळणे आहे असे आज कोणीही म्हणत नाही.

दुसरे टोक उत्साही राज्यकर्त्यांचे. साथ आली की यंत्रांची खरेदी, फीत कापणे, छायाचित्र. कोविडमध्ये गावोगाव पाठविलेल्या व्हेंटिलेटरांपैकी कितीतरी खोक्यांतच पडून राहिले, कित्येक नादुरुस्त निघाले. मराठवाड्यातील व्हेंटिलेटरांचा प्रश्न औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. उद्या याच रीतीने जिल्ह्या-जिल्ह्याला एक्मो वाटले गेले तर ५९ टक्क्यांचा तो आकडाही आपल्याला बरा वाटावा अशी वेळ येईल. वर्षातून दोन रुग्ण पाहणाऱ्या विभागाच्या हाती हे यंत्र देणे म्हणजे रुग्णाला धोक्यात घालणे होय.

शिवाय यंत्रापूर्वी कितीतरी पायऱ्या आहेत, आणि त्यांचा खर्च हातांचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६६ रुग्णांच्या एका चाचणीने दाखविले की, व्हेंटिलेटरवरील अत्यवस्थ रुग्णाला दिवसातून किमान सोळा तास पालथे निजविले तर अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. पालथे निजविण्यास लागतात चार-पाच माणसे, एक उशी आणि नळी निसटू न देण्याची दक्षता. २००० सालीच सिद्ध झाले की व्हेंटिलेटरने एका श्वासात कमी हवा दिली तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात. त्याला तर फक्त बटण फिरवावे लागते, ते कोठे थांबवायचे हे ठाऊक असावे लागते. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांनी केलेल्या चाचणीतून निष्पन्न झाले की डेक्सामेथासोन हे जुने, काही रुपयांत मिळणारे औषध व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटविते. ज्या विभागात रात्रपाळीला दहा खाटांमागे एक परिचारिका आहे, तिने पालथे कोणाला आणि कसे करायचे? म्हणून क्रम सांगायचा तर आधी प्राणवायूची न तुटणारी नळी, मग परिचारिकांची भरलेली पदे, मग व्हेंटिलेटर चालविण्याची विद्या, आणि त्याच शिडीच्या माथ्यावर एक्मो. परंतु शिडीला माथा असलाच पाहिजे. खालच्या पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत वरची मागू नका असे जे सांगतात, त्यांच्या घरातील माणूस आजारी पडला तर ते खालच्या पायरीवर थांबत नाहीत.

करायचे काय, याचे एक चालते उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. फ्लूच्या अनुभवानंतर २०११ च्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या एक्मोसाठी पाच केंद्रे नेमण्यात आली. देशातील कोणतेही रुग्णालय दूरध्वनी करू शकते, केंद्राचा संघ रुग्णवाहिका घेऊन तेथे जातो, गरज पडली तर नळ्या तेथेच घालून रुग्णाला यंत्रासह घेऊन येतो, आणि रुग्णाला बिल येत नाही. केंद्रे थोडी, म्हणून हात सरावलेले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील सार्वजनिक रुग्णालयांत अशी चार केंद्रे का उभी राहू नयेत? सिंधुदुर्गातील रुग्ण आजही सीमा ओलांडून बांबोळीला जातो. मग गोवा शासनाशी करार करून पाचवे केंद्र तेथे दोन्ही राज्यांनी मिळून चालविणे अशक्य नाही. साथ नसेल तेव्हा हे संघ बसून राहणार नाहीत. सर्पदंश, विषबाधा, प्रसूतीनंतर हृदय खचलेल्या स्त्रिया, जन्मतः गुदमरलेली बालके यांच्यासाठी तीच विद्या कामी येते.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न येणारच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील शासकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली, म्हणजे साथीच्या ऐन भरात, तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक आपल्या खिशातून भरीत होते. म्हणजे पैसा खर्च होतोच आहे. तो आजाऱ्याच्या दारी, आजाराच्या दिवशी, गहाणवटीच्या दराने वसूल होतो आहे.

केंद्रे झाली तरी यंत्रे कमीच पडतील हे आम्ही लपवू इच्छित नाही. तेव्हा निवड करावी लागेल आणि ती क्रूरच असेल. वाचण्याचा संभव अधिक असलेल्यास आधी घ्यावे, फुप्फुसे सावरण्याची आशा संपली की यंत्र काढावे, हे नियम कठोर आहेत; पण ते आधी लिहिलेले, सर्वांना वाचता येणारे आणि मंत्र्याच्या दूरध्वनीने न बदलणारे असले तर एखादी आई ते सोसू शकेल. सन्मानाने उपचार थांबविण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दाखविला आणि २०२३ मध्ये सोपा केला. त्याचा उपयोग कुटुंबाला विश्वासात घेऊन करता येईल. आज तो निर्णय बिलाचा आकडा करतो.

एवढे सारे उद्या होणार नाही. एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते, आणि तिला निविदा लागत नाही. राज्यातील प्रत्येक अतिदक्षता विभागाला, शासकीय असो वा खासगी, नकाराची वही ठेवणे बंधनकारक करावे. पाच रकाने पुरेत : रुग्णाचे वय, त्याचा तालुका, कोणता उपचार हवा होता, कोठे आणि किती वाजता विचारणा केली, काय उत्तर मिळाले. नाव लिहिण्याची गरज नाही. दर सहा महिन्यांनी या वह्यांची बेरीज आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावी, आणि पहिली बेरीज येत्या अधिवेशनात.